दारातलं पार्सल गायब होतंय? या चुका टाळा

आमच्या इमारतीच्या सीसीटीव्हीचा पासवर्ड माझ्याकडे असतो. ज्या मीटिंगला मी गैरहजर होतो, त्याच मीटिंगमध्ये ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून कोणाचंही पार्सल गेलं की बेल माझ्या दारावर वाजते. येणाऱ्या प्रत्येकाला चोराचा चेहरा बघायचा असतो. स्क्रीनवर मात्र चोर जेमतेम काही सेकंद दिसतो आणि बाकी सगळा वेळ पार्सल दिसतं. दाराला टेकवलेलं, बेवारस.

म्हणून कोणी मला ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘पार्सल एकटं किती वेळ होतं?’ दारातलं खोकं उचलायला कुलूप तोडावं लागत नाही, घरात शिरावं लागत नाही. वाकायचं, उचलायचं आणि आपलंच असल्यासारखं चालू लागायचं. हे थांबवायचं तर खोकं आल्यापासून हातात पडेपर्यंतचा वेळ कमी करावा लागतो. त्यावर कोणी काही करत नाही, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

‘दारात ठेवा’ लिहिलं आणि विसरलं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. बाळ तान्हं होतं तेव्हा त्यांनी शॉपिंग ॲपमध्ये सूचना लिहून ठेवली: ‘बेल वाजवू नका, दारात ठेवा.’ तेव्हा ते योग्यच होतं. बाळ मोठं झालं, शाळेत जायला लागलं, पण सूचना होती तिथेच राहिली. मधल्या काळात डायपर आले, पुस्तकं आली, सगळं दारात पडायचं आणि संध्याकाळी आत जायचं. मग एका दुपारी लॅपटॉप आला.

फुटेजमध्ये सगळं स्वच्छ दिसतं. कुरिअरवाला येतो, बेलकडे हात नेतो, मोबाइलवर काहीतरी वाचतो आणि हात मागे घेतो. खोकं ठेवतो, फोटो काढतो, जातो. पाऊण तासाने हातात जाहिरातींचे कागद घेतलेला एक जण जिना चढून येतो. दोन दारांना कागद अडकवतो आणि तिसऱ्या दारातलं खोकं काखेत मारून खाली उतरतो. या सगळ्या वेळात वहिनी दाराच्या आत, दहा पावलांवर काम करत बसलेल्या होत्या.

‘अहो, मी घरातच होते! त्याने बेल का नाही वाजवली?’ त्या माझ्याकडे येऊन तावातावाने विचारत होत्या. मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर पत्त्याखालची ओळ उघडून वाचायला दिली. पुढे कंपनीशी बरीच पत्रापत्री झाली. प्रत्येक वेळी उत्तर एकच: ग्राहकाच्या सूचनेनुसार दारात ठेवलं, सोबत फोटो जोडला आहे. पैसे काही मिळाले नाहीत.

गंमत अशी की ही सूचना एकाच जागी नसते. ॲपमध्ये जतन केलेल्या पत्त्याखाली एक असते, त्या ऑर्डरपुरती वेगळी असते आणि काही कुरिअर कंपन्यांच्या ट्रॅकिंगच्या पानावरही ‘घरी नसाल तर काय करू?’ असा पर्याय असतो. तुम्ही एक पुसता, दुसरी तशीच राहते. मी सूचनेची चौकट कोरी ठेवतो. गरज पडली तर त्या ऑर्डरपुरतं लिहितो आणि वस्तू हातात आली की त्याच बैठकीत पुसून टाकतो. लिहायचंच असेल तर कुरिअरवाल्याला पाहताक्षणी सापडेल पण रस्त्यावरून दिसणार नाही अशी जागा लिहा: ‘गेटच्या आत, डाव्या हाताला, मीटरच्या पेटीमागे.’ ‘सुरक्षित जागी ठेवा’ ही सूचना नव्हे. त्यात जागा निवडायचं काम तुम्ही त्याच्यावर ढकलता आणि त्याच्या गाडीत अजून शंभर खोकी वाट बघत असतात.

आणि पार्सल गेलं की पहिला संशय त्याच्यावर घेणं आधी बंद करा. मी जेवढं फुटेज पाहिलंय, त्यात बहुतेक वेळा त्याने अक्षरशः तेच केलेलं असतं जे तुम्ही लिहून ठेवलं होतं.

महागाची वस्तू, साधी डिलिव्हरी

फोन, लॅपटॉप, दागिना असं काही मागवत असाल तर सही किंवा ओटीपी घेऊनच देण्याचा पर्याय निवडा, नाहीतर पिकअप पॉइंट किंवा लॉकर. पार्सल लॉकर ही काही कालची गोष्ट नाही. जर्मनीत डीएचएलची पॅकस्टेशन २००१ पासून आहेत आणि ॲमेझॉनने आपले लॉकर २०११ मध्ये सुरू केले. लॉकरमध्ये खोकं एकटं असलं तरी कुलपात असतं. एवढं असून लोक तो पर्याय निवडत नाहीत, कारण दहा मिनिटं चालत जाऊन आणायचा कंटाळा. दारात आयतं हवं असेल तर दार उघडायला माणूसही हवा.

ओटीपी फोनवर सांगणं

दुसरी लाडकी चूक. हिच्यात शिकले-सवरलेले लोक जास्त सापडतात.

आमच्याकडचे एक गृहस्थ ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन आला: ‘सर, तुमचं पार्सल घेऊन गेटवर उभा आहे. ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवून जातो.’ यांनी कुजबुजत ओटीपी सांगितला आणि मीटिंगमध्ये परतले. संध्याकाळी वॉचमनकडे काहीच नव्हतं. ॲपवर मात्र ‘ग्राहकाच्या हाती दिले’ असं ठसठशीत लिहिलेलं. ते थेट माझ्याकडे. मी गेटच्या कॅमेऱ्याचा तो अख्खा तास लावला. एक मांजर आणि शाळेची बस सोडली तर गेटवर कोणीही आलेलं नव्हतं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा लावला. मांजर पुन्हा गेलं.

फोन करणारा खरा कुरिअरवाला होता की कुठूनतरी नंबर मिळवलेला भामटा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळूनही फार उपयोग नव्हता, कारण वस्तू मिळाल्याची सही त्यांनी स्वतः देऊन टाकली होती. डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे सहीच. कोऱ्या कागदावर सही मागितली तर हाच माणूस दहा प्रश्न विचारेल, पण आकडे मात्र तोंडातून पटकन निघतात. मीटिंगमधून दोन मिनिटं उठता येत नव्हतं, माझ्याकडे बसून दोन तास फुटेज मात्र पाहता आलं.

माझी पद्धत साधी आहे. खोकं हातात घेतो, लेबलवरचं नाव वाचतो, टेप बघतो आणि मग आकडे सांगतो. घरी नसलो तर शेजारी आधी ‘मिळालं’ असा मेसेज करतात, त्यानंतर मी ओटीपी पाठवतो. मेसेजमध्ये ओटीपी कशाचा आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. डिलिव्हरीच्या नावाखाली बँकेचा किंवा लॉगिनचा ओटीपी काढून घेणारे कमी नाहीत. आणि ‘पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा’ म्हणत कोणी स्टार-स्टार-२१ ने सुरू होणारा कोड सांगितला तर फोन ठेवून द्या. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो डायल केला की तुमचे सगळे कॉल समोरच्याने दिलेल्या नंबरवर जायला लागतात, फोनवरून ऐकवले जाणारे ओटीपीसुद्धा.

कॅमेरा लावला म्हणजे झालं

कॅमेरा चोरी झाल्यावर कामाला येतो, आणि तोही नीट लावला असेल तर. मला दाखवायला आणलेल्या क्लिपमध्ये बहुधा टोपीचा वरचा भाग किंवा पाठमोरा माणूस असतो.

कारणं ठरलेली आहेत. बॅटरीवर चालणारे बरेचसे डोअरबेल कॅमेरे सतत रेकॉर्ड करत नाहीत. हालचाल जाणवली की जागे होतात. त्यातला पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा कळतो. आणि दाराकडे येणारा माणूस सरळच येतो. कॅमेरा जागा होईपर्यंत तो खोकं उचलून वळलेला असतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पाठ. त्यामुळे कॅमेरा थोडा तिरका लावा, येण्याची वाट त्याच्या समोरून आडवी गेली पाहिजे. उंची साधारण १.२ मीटर पुरते. उंचावर लावला की हात पोचत नाही हे खरं, पण मग चेहऱ्याऐवजी टाळू दिसते.

दुसरं म्हणजे जमीन. बऱ्याच कॅमेऱ्यांना दाराच्या अगदी पायथ्याशी ठेवलेलं काही दिसत नाही, आणि खोकं नेमकं तिथेच ठेवतात. एक रिकामं खोकं दारात ठेवा आणि मोबाइलवर ते दिसतं का बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कॅमेरा बसवला की हौस संपते.

नकली पार्सल ठेवून चोराला धडा शिकवायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी: मार्क रोबर या पूर्वी नासात काम केलेल्या इंजिनिअरने २०१८ मध्ये चमकी उडवणाऱ्या खोक्याचा व्हिडिओ केला आणि तो जगभर गाजला. त्यातल्या काही चोऱ्या खऱ्या नव्हत्या असं नंतर उघड झालं आणि त्याला ते भाग काढून टाकावे लागले. तुमच्या सापळ्यात सापडणारा पहिला माणूस बहुधा पार्सल चुकून उचलणारा शेजारीच असेल. डोळ्याला-बिळ्याला इजा झाली तर पोलीस त्याच्याकडे नाही, तुमच्याकडे येतील.

किरकोळ, पण रोजच्या

मॅपवरची पिन इमारतीच्या मागच्या गल्लीत. पत्ता बरोबर, पिन चुकीची, आणि कुरिअरवाला पिन बघून येतो. आजच दुरुस्त करा.

सगळ्यांची पार्सलं वॉचमनच्या टेबलावर ढिगाने, नोंदवही नाही. आमच्याकडे एकाच आडनावाची दोन घरं आहेत. त्यांच्यात झालेल्या ‘चोऱ्या’ म्हणजे एकमेकांची खोकी उघडणं. टेबलाऐवजी कुलपाचं कपाट आणि नेणाऱ्याची सही, एवढ्याने भागलं.

दाराबाहेर पार्सलची पेटी ठेवली, पण जमिनीला बोल्ट मारले नाहीत. मग पेटीसकट जातं.

गावाला जाताना ऑर्डर चालूच. तारीख पुढे ढकलता येते, नाहीतर ऑर्डरच परतल्यावर द्या. वस्तूला घाई नसते, तुम्हाला असते.

नव्या टीव्हीचं खोकं रस्त्यावरच्या कचऱ्यात उभं करून ठेवणं. घरात काय आलंय याची दवंडी पिटायची गरज नाही. खोकं मोडा, उलटं करा, आतली बाजू बाहेर. लेबलवर तुमचं नाव, पत्ता आणि बरेचदा फोन नंबर असतो, तो बसल्या जागी फाडून काढा. फाटत नसेल तर लेबल बहुतेक थर्मल कागदाचं असतं, त्यावर गरम इस्त्री जरा टेकवली की अख्खं काळं पडतं.

खोकं आलं, वस्तू नाही

कधीकधी चोरी वाटेतच झालेली असते. लेबलवर बरेचदा वजन छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. हातातलं खोकं त्या मानाने हलकं लागलं, किंवा कंपनीच्या छापील टेपवर साधी टेप चढवलेली दिसली, तर कुरिअरवाला समोर असतानाच फोटो काढा आणि शक्य असेल तर पार्सल परत करा. उघडणारच असाल तर व्हिडिओ सलग घ्या: आधी लेबल, मग सहाही बाजू, मग कात्री. मध्ये व्हिडिओ थांबवला की त्याचा दावा करण्यासाठी फारसा उपयोग राहत नाही. उत्साहात टराटरा फाडून मग रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवणाऱ्यांना मी काय सांगणार?

गेलंच तर

आधी शोधा. शेजारचं दार, खालचा मजला, दुसऱ्या विंगमधलं त्याच नंबरचं घर. डिलिव्हरीच्या फोटोतली फरशी, पायपुसणं आणि दाराचा रंग बघा. तो फोटो दुसऱ्याच दाराचा निघाल्याचं मी कितीदा तरी पाहिलंय, आणि फोटो न उघडताच लोक चोरी झाली म्हणून भांडायला येतात.

नसेल सापडत, तर ज्याला पैसे दिले त्या विक्रेत्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करा. कुरिअर कंपनी तुम्हाला विक्रेत्याकडेच परत पाठवते. फोन चोरीला गेला असेल तर बिलावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आहे का बघा. असेल तर तो पोलिसांच्या तक्रारीत लिहा आणि फोन ब्लॉक करायला वापरा.

आणि फुटेज मागायला पंधरा दिवसांनी येऊ नका. डीव्हीआरची, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनची, डिस्क भरली की तो जुन्या रेकॉर्डिंगवरच नवं लिहीत जातो, गेलेलं परत येत नाही. येताना ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ची वेळ काय दिसते ते मिनिटासकट लिहून आणा आणि डिलिव्हरीचा फोटो मोबाइलवर उघडून ठेवा. आमच्या डीव्हीआरचं घड्याळ मागे पडतं, तो हिशोब मी करतो. ‘दुपारी कधीतरी’ एवढंच सांगणार असाल तर मशीनसमोर तुम्हालाच बसवीन.