प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी दिसतोय? माझा अनुभव

रात्रीच्या सीनमध्ये काळं सगळं राखाडी, चित्रावर धुकं पसरल्यासारखं, खोलीत पूर्ण अंधार केला तरी तेच. केबल बदलली, पिक्चर मोड फिरवले, ब्राइटनेस उतरवला तर केस आणि कोट एकच गोळा, डोकं पिकलं नुसतं.

घोळ एचडीएमआय रेंजचा होता, म्हणजे केबलमधून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कुठल्या आकड्यांत जातात त्याचा, प्लेअर लिमिटेड म्हणजे १६ ते २३५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर फुल, ० ते २५५ धरून बसलाय, त्याच्या लेखी काळा म्हणजे ०, मग १६ चा काळा राखाडीच दिसणार ना. आधी सिनेमा मोड लावा, मग सिग्नल मेनूत व्हिडिओ रेंज लिमिटेड करा (काही मॉडेलवर नॉर्मल लिहिलेलं असतं), त्यानंतरच ब्राइटनेस, काळ्या कोटाची घडी जेमतेम दिसेपर्यंत. शेवटी कॉन्ट्रास्ट, पांढऱ्या शर्टाची बटणं पुसट व्हायच्या आत थांबायचं. लॅपटॉप फुल पाठवत असेल तर मात्र प्रोजेक्टरही फुलवरच ठेवा, नाहीतर सावल्या ठार काळ्या होतात.