स्टार्टर मार खातोय म्हणून बुलपेनमध्ये टाकताय? या चुका टाळा

दरवर्षी जून आला की तेच. बेसबॉल टीमचा तिसरा-चौथा स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा) चौथ्या इनिंगच्या पुढे जाईना (मोठ्यांच्या मॅचमध्ये साधारण नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट), ईआरए (नऊ इनिंगमागे त्याने दिलेले सरासरी रन, जितका कमी तितका चांगला) सहाला टेकला, की स्टँडमधल्या काकांपासून हेड कोचपर्यंत सगळ्यांचा एकच धोशा, "टाका त्याला बुलपेनमध्ये!" म्हणजे मधेच येऊन इनिंग-दोन इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हर पिचर्समध्ये. मी इथे न्यू जर्सीत रविवारच्या हौशी लीगमध्ये पिचर्सचं बघतो. आपली बरीच मराठी मंडळी आता पोरांच्या टीमना कोचिंग करायला पुढे येतात, चांगलंच आहे, पण या एका बाबतीत नवे-जुने सगळे तिथेच माती खातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता ईआरए बघायचा आणि रन कधी गेले ते बघायचंच नाही. अहो, स्कोअरबुक उघडा की! पहिल्या दोन इनिंग स्वच्छ, आणि तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की धुलाई, असं दिसत असेल तर हा बुलपेनचा माणूस असू शकतो. त्याच्याकडे दोन चांगले पिच (बॉल टाकायचे प्रकार) असतात, फास्टबॉल आणि बाजूला वळणारा स्लायडर म्हणा, आणि तिसरा, हळू येणारा चेंजअप, नावापुरता. बॅटरने दोन वेळा सगळं बघून घेतलं की तिसऱ्या वेळी तो वाट बघत बसतो. अशा पोराला एकच इनिंग द्या, तो चेंजअप खिशात ठेवून जोर लावेल, फास्टबॉल थोडा वाढेल, काम होईल.

पण काहींचं बरोबर उलटं असतं. पहिल्या इनिंगमध्ये दोन वॉक (चार बॉल बाहेर, बॅटरला फुकट बेस), एक डबल (दोन बेसचा फटका), तीन रन, आणि मग गाडी रुळावर येऊन सहावीपर्यंत मस्त. याला बुलपेनमध्ये टाकलं तर काय होणार? रिलीव्हरची प्रत्येक इनिंग ही पहिलीच इनिंग असते की राव! मेजर लीगचा स्टार्टर टॉम ग्लॅव्हिन पहिल्या इनिंगला अडखळायचा हे अख्ख्या लीगला ठाऊक होतं, तरी कोणी त्याला बुलपेनमध्ये ढकलला नाही, आणि तो 305 मॅच जिंकून हॉल ऑफ फेमला गेला.

नीट जमलेलं बघायचं तर कॅन्सस सिटी रॉयल्स बघा. ल्यूक हॉचेव्हर 2006 च्या ड्राफ्टमध्ये (टीमनी नवे खेळाडू निवडायची फेरी) पहिल्या नंबरला उचललेला, पण 2012 ला स्टार्टर म्हणून ईआरए 5.73. 2013 ला बुलपेनमध्ये गेला आणि 1.92. वेड डेव्हिस त्याच 2013 मध्ये स्टार्टर म्हणून मार खात होता, 2014 ला बुलपेनमधून 72 इनिंग टाकल्या आणि ईआरए 1.00. 2015 च्या वर्ल्ड सीरिजची शेवटची मॅच हॉचेव्हरच्या नावावर जिंकली आणि शेवटचा आउट डेव्हिसने काढला, तेही न्यूयॉर्कमध्ये मेट्सना हरवून, त्यामुळे आमच्याकडच्या मेट्सवाल्यांसमोर हा विषय मी जपूनच काढतो.

आता माझा दुसरा लाडका राग. स्टार्टरला एका दिवसात रिलीव्हर समजायचं. आमच्याच लीगमधली गोष्ट, टीमचं नाव सांगत नाही. एक उंच डावखुरा पोरगा, कर्व्ह (वळून खाली पडणारा बॉल) झकास, स्टार्टर म्हणून कायम पाचवीत कोसळायचा. त्यांच्या कोचने शनिवारी रात्री मेसेज टाकला "उद्यापासून तू बुलपेन" आणि रविवारी सहाव्या इनिंगला, बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर समोरचे रनर), एक आउट, दोन रनांची लीड, हात हलवून बोलावलं. या पोराची सवय काय, तर मॅचआधी अर्धा तास पळणार, मग लांबून थ्रो, मग सावकाश तीसेक बॉल, शेवटी टॉवेलने तोंड पुसून माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर). इथे त्याला बाकावरून उठून जेमतेम दहा-बारा बॉल मिळाले, आणि त्याला घाम यायलाच वीस लागतात! पहिल्या बॅटरला चार बॉल, चारही वर, कॅचर उभा राहून पकडतोय. एक रन फुकट. दुसऱ्याला तो घाबरून मधोमध फास्टबॉल टाकून बसला, लेफ्ट-सेंटरच्या गॅपमध्ये डबल, तिघेही घरी. आणि कोच काय म्हणतो? "पोरात दम नाही." दम कसला डोंबलाचा, खांदाच गरम नव्हता. क्रिकेटसारखं कोपऱ्यात उभं करून नंतर दुसरा स्पेलही देता येत नाही, मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर मॅचमधून काढला की संपलं. तो पोरगा पुढचे कितीतरी रविवार बुलपेनचं नाव काढलं की चिडायचा.

माझी पद्धत साधी आहे, शास्त्र वगैरे नाही. पहिल्या काही वेळा त्याला इनिंगच्या सुरुवातीलाच आणायचं, बेसवर कोणी नाही, आणि मॅच चार-पाच रननी इकडे किंवा तिकडे झुकलेली. चौथ्या इनिंगलाच कानात सांगायचं, "सातवी तुझी." म्हणजे तो पाचवीत थोडं पळतो, सहावीत पंधराएक बॉलमध्ये तयार होतो. हा छोटा वॉर्मअप आधी सरावात बसवून घ्यायचा, मॅचमध्ये नाही. आणि उठवून गरम केलं पण आणलंच नाही, असं एका मॅचमध्ये दोनदा झालं तर मी ते टाकल्यातच धरतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी. हात काही स्कोअरबुक वाचत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

खांदा-कोपर दुखतंय का हे विचारायचंच नाही. स्पीड अचानक पडली असेल तर बुलपेन नाही, आधी डॉक्टर.

पहिल्याच आठवड्यात क्लोजर (लीड सांभाळत शेवटची इनिंग टाकणारा) करायचं. यांकीजचा पुढे गाजलेला क्लोजर मारिआनो रिव्हेराही 1995 ला 10 स्टार्ट करून 5.51 च्या ईआरएने मार खाल्लेला, मग 1996 अख्खं वर्ष तेव्हाचा क्लोजर वेटलँडच्या आधीच्या इनिंग टाकल्या, क्लोजर झाला त्यानंतर. तुमचा पोरगा त्याच्यापेक्षा घाईत आहे का?

सलग दोन दिवस टाकायला लावायचं. स्टार्टरच्या हाताला चार दिवस आरामाची सवय असते, महिनाभर तरी सांभाळा.

"एका लेफ्टीपुरता (डावखुऱ्या बॅटरपुरता) आणू" हा शॉर्टकट. मेजर लीगमध्ये 2020 पासून तीन बॅटर खेळवावे लागतात, नाहीतर इनिंग संपवावी लागते. तुमच्या लीगचा नियम बघून ठेवा.

लहान पोरांच्या बाबतीत "रिलीफच आहे, थोडंसंच" म्हणून मोजायचं सोडून द्यायचं. लिटल लीगमध्ये 14 वर्षांपर्यंतच्या पोराने 21 बॉल टाकले की एक दिवस सुट्टी, 66 किंवा जास्त झाले की चार दिवस. स्टार्टर असो की रिलीव्हर.

आणि शेवटची, इकडून तिकडे नाचवायचं. यांकीजचा जोबा चेंबरलेन आठवतो? 2007 ला बुलपेनमधून 24 इनिंग, ईआरए 0.38, मग 2008 च्या मधेच स्टार्टर केला, ऑगस्टमध्ये खांदा, 2009 ला पुन्हा स्टार्टर, ईआरए 4.75, 2010 ला परत बुलपेन. खांदा त्याचमुळे गेला असं मी म्हणत नाही, पण पोराला आपण कोण आहोत हेच कळलं नसणार. एकदा हलवलं की सीझन संपेपर्यंत तिथेच ठेवा. मधेच दुसरा स्टार्टर जखमी झाला म्हणून याला परत ओढणार असाल तर तीस बॉलवरून नव्वदवर एका रविवारात जाता येत नाही, दर वेळी पंधरा-वीस बॉल वाढवत न्यावं लागतं, म्हणजे महिना गेलाच. त्यापेक्षा ती मॅच दोन-दोन इनिंग वाटून चार पिचर्सकडून काढून घ्या.