हवा कमी की गारवा कमी? गॅरेजात एसी शिकणाऱ्या नव्या मुलांसाठी

गिऱ्हाईक म्हणालं "एसी चालत नाही", की नवा मुलगा गॅसचा दाब मोजणारा गेज लावायला धावतो. आधी व्हेंटसमोर हात धरा. वारा भरपूर पण कोमट असेल तर गॅस, कॉम्प्रेसर बघा. वाराच कमी असेल तर आधी गॅसला हात लावू नका.

वायपरखालच्या जाळीपासून सुरुवात करा. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पातेरा साठतो. मग केबिन फिल्टर, बहुधा ग्लव्ह बॉक्समागे. उन्हाळ्यातली जांभ्याची लाल धूळ आणि पावसातली ओल मिळून त्याचा लगदा होतो. फिल्टर काढून ब्लोअर, म्हणजे वारा ढकलणारा पंखा, मिनिटभर चालवा. वारा वाढला तर दोष सापडला. नवा बसवताना बाण वाऱ्याच्या दिशेने ठेवा. मिरगाआधी फिल्टर बदलावा, किलोमीटर कितीही झालेले असोत. फिल्टरच्या पोकळीत टॉर्च मारायला विसरू नका, उंदीर घरटं तिथेच करतात.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर फिरतो? साध्या नॉबच्या गाडीत ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो, कारण फुल स्पीडला करंट त्याला वगळून जातो. पण नवा टाकून मोकळे होऊ नका. रेझिस्टर वाऱ्याच्या झोतात बसवतात तो थंड राहावा म्हणून. फिल्टर तुंबलेला किंवा ब्लोअर जड असेल तर नवाही जळेल. ब्लोअर हाताने फिरवून बघा. वायरी जोडणारा कप्लर वितळलाय का, पिना हिरव्या पडल्यात का, तेही बघा. खाऱ्या हवेत हे फार होतं. फुल स्पीडला, कप्लर जोडलेला ठेवून, ब्लोअरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत मल्टिमीटर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग घासून घट्ट करा. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा कधीही घालू नका, वायरिंग पेटेल.

अर्ध्या तासाने वारा मरतो आणि एसी १०-१५ मिनिटं बंद ठेवल्यावर परत येतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. फिल्टर साफ असेल तर कॉइलचं तापमान ओळखणारा थर्मिस्टर तपासा, आणि मग गेज लावा. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो.

ब्लोअरचा आवाज पूर्ण पण वारा पायातच, डॅशबोर्डमागे टकटक: वाऱ्याची दिशा बदलणारा फ्लॅप हलवणारी छोटी मोटर, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, बिघडलाय.

आणि डाव्या बाजूच्या मॅटखाली ओल असेल तर कॉइलवरचं पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप तुंबलाय. तो खालून हलक्या हवेने मोकळा करा, तार खुपसू नका, कॉइल फुटेल.