पूर्णवेळ शिक्षण घेताना कामाचे तास कसे ठरवावेत

काम शोधण्यापूर्वी आठवड्याचा हिशेब कागदावर मांडावा. आठवड्याचे तास १६८. किशोरवयात रोज ८ ते १० तासांची झोप आवश्यक मानली जाते. ९ तास धरल्यास ६३ तास झोपेत जातात. वर्ग आणि प्रवासाचे ४५, स्वाध्यायाचे १५ आणि जेवणखाण, आंघोळ व घरकामाचे २१ तास वजा केले, की उरतात २४. आजारपण, मित्रमैत्रिणी आणि निव्वळ आळसही यांतूनच भागवायचा असल्याने, माझ्या मते १० ते १२ तासांपलीकडे काम स्वीकारू नये. आठवड्याला २० तासांहून अधिक काम करणारे विद्यार्थी अभ्यासात मागे पडतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे.

वयाची अट आधी तपासावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारात रोजगाराचे किमान वय साधारणपणे १५ आणि धोकादायक कामासाठी १८ ठरवले आहे. तरीही प्रत्येक देशाचे कायदे वेगळे असल्याने स्थानिक नियम पाहणे अपरिहार्य आहे.

तास किती, याइतकेच ते कोणत्या वेळी, हेही महत्त्वाचे असते. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे रात्रीची पाळी आणि सकाळचा वर्ग एकत्र आले की कात्री झोपेलाच लागते. शक्यतो सुट्टीच्या दिवसाची पाळी मागावी. परीक्षांच्या तारखा मुलाखतीतच सांगाव्यात आणि त्या काळातील रजा लेखी मान्य करून घ्यावी. रुजू झाल्यानंतर हा विषय काढणे अवघड जाते. ताशी वेतन, प्रशिक्षणाच्या दिवसांचा मोबदला, विश्रांतीची वेळ, कपात आणि पगाराचा दिवस हेही लेखी असावे.

खरी अडचण पुढे येते. कोणीतरी गैरहजर राहते आणि ऐनवेळी बोलावणे येते. सतत होकार देणाऱ्यालाच पुन्हा फोन येतो, हे ध्यानात ठेवून “या आठवड्याचे माझे तास पूर्ण झाले आहेत” एवढेच नम्रपणे सांगावे. लांबलचक कारणे देत बसू नये.

पहिल्याच तासाला डोळे मिटू लागले किंवा सलग दोन आठवडे गृहपाठ रखडला, तर निकालाची वाट न पाहता एक पाळी कमी करून मागावी. नकार मिळाल्यास ठरलेल्या मुदतीची लेखी सूचना देऊन काम सोडावे आणि केलेल्या तासांची स्वतःची नोंद दाखवून थकीत वेतन मागून घ्यावे.