फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून मोटारी टाळून ग्रॅव्हल रूट कसा आखावा

फ्रान्सच्या ग्रामीण भागात ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून दिवसभर एकही मोटार न भेटता सायकल चालवता येते. मात्र असा सलग रस्ता क्वचितच आयता मिळतो, तो जोडून घ्यावा लागतो. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ‘व्हुआ व्हेर्त’ किंवा कालव्याकाठचा ‘शमँ द हालाज’ हा कणा धरायचा आणि त्याला शेतातले, जंगलातले कच्चे रस्ते जोडत जायचे. जोडलेल्या प्रत्येक तुकड्याबाबत तीन गोष्टी तपासायच्या: तिथून जायचा हक्क आहे का, खाली माती कोणती आहे, आणि त्या महिन्यात तिथे काय चालू असतं. अंतर आणि चढ यांचा हिशोब त्यानंतर.

कणा निवडणं

व्हुआ व्हेर्त म्हणजे फक्त पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाणाऱ्यांसाठी राखीव मार्ग. मोटारींना तिथे कायद्यानेच बंदी आहे. पण सगळ्या व्हुआ व्हेर्त खडीच्या नसतात. 1997 साली सुरू झालेला बुर्गोन्यमधला जिव्ही–क्लुनी हा मार्ग डांबरी आहे, तुलूझपासून पश्चिमेला जाणाऱ्या गारोन कालव्याचा काठही बहुतेक डांबरीच आहे. सुंदर आहेत, पण ग्रॅव्हल टायर तिथे वाया जातात.

पहिल्या बेतासाठी दोन मार्ग आम्ही डोळे मिटून सुचवू. नॉर्मांडीत आलाँसाँ ते काँदे-स्युर-युईन हा सुमारे 67 किमीचा, दाबलेल्या वाळू-खडीचा जुना रेल्वेमार्ग पेर्श भागातून मोर्ताञवरून जातो. दक्षिणेत बेदारिय ते माझामे हा ‘पासा पाई’ मार्ग साधारण 80 किमीचा आहे. तो ओलार्ग आणि साँ-पाँस गावांवरून जातो, वाटेत लोखंडी पूल आहेत, आणि भूमध्य व अटलांटिकच्या पाणलोटांची सीमा ओलांडताना जवळपास पाऊण किलोमीटरचा बोगदा लागतो. बोगद्यासाठी पुढचा दिवा हवाच. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून पातळ जाकीट हाताशी ठेवा. दोन्ही मार्गांच्या दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे. पाऊस वाढला किंवा सायकल बिघडली, तर टोक गाठून गाडी पकडता येते. पहिल्या वेळी हा आधार फार मोलाचा असतो.

कालव्यांपैकी ब्रतान्यमधला नाँत–ब्रेस्त कालवा (सुमारे 364 किमी) ग्रॅव्हलसाठी उत्तम आहे. रदाँ ते मालेस्त्रुआ ते जोसलँ हा त्याचा तुकडा सपाट आणि दाबलेल्या वाळूचा आहे. कनाल द्यु मिदीबद्दल मात्र गैरसमज होतो. तुलूझकडचे पहिले सुमारे 50 किमी गुळगुळीत डांबरी आहेत. पुढे वाट अरुंद होत जाते आणि झाडांची मुळं वर आलेली असतात. तिथे ताशी 16–18 किमीचा वेग धरून बेत केला, तर संध्याकाळी मुक्काम गाठता येत नाही. 11–12 धरा.

जोडरस्ते शोधणं

ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर रस्त्याचा पृष्ठभाग आणि ‘ट्रॅकटाइप’, म्हणजे वाट किती टणक आहे याची श्रेणी पाहा. ग्रेड 1 ते 3 निर्धास्त घ्या, 4 कोरड्या दिवसातच, 5 सोडून द्या. मग तोच तुकडा आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 नकाशावर पाहा. सलग बारीक काळी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक रेघ म्हणजे पायवाट. पायवाटांचे तुकडे आखणीत ठेवू नका. लाल-पांढऱ्या खुणांच्या जीआर वाटाही (लांब पल्ल्याच्या पदभ्रमण वाटा) अनेकदा पायऱ्या आणि दगडांतून जातात. लोकप्रियतेचा हीटमॅप (जास्त वापरल्या जाणाऱ्या वाटा ठळक दाखवणारा नकाशा) तिथे फसवतो, कारण त्यात डोंगरात धावणाऱ्यांचे ट्रॅकही मिसळलेले असू शकतात.

यानंतर हवाई छायाचित्र. चाकोरीच्या दोन पांढऱ्या रेघा आणि मध्ये हिरवा पट्टा दिसला, तर ट्रॅक्टर जातो आणि वाट जिवंत आहे. पूर्ण हिरवी पट्टी म्हणजे गुडघाभर गवत. रेघ नांगरलेल्या शेतात गडप झाली, तर नकाशावर काहीही असो, तिथे वाट उरलेली नाही. शेवटी, कच्ची वाट जिथे डांबरी रस्त्याला फुटते ती जागा स्ट्रीट व्ह्यूवर दोन्ही टोकांकडून पाहा. फाटक, पाट्या आणि पहिल्या वीस मीटरची माती तिथेच कळते.

हक्काचा प्रश्न

‘शमँ र्‍युराल’ गावाच्या, म्हणजे कम्यूनच्या मालकीचा आणि लोकांच्या वापरासाठी असतो. ‘शमँ देक्सप्लुआतासियाँ’ मात्र लगतच्या शेतमालकांचा खाजगी रस्ता असतो, आणि ते इतरांना मनाई करू शकतात. जमिनीवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. फरक कळतो तो कदास्त्रच्या, म्हणजे जमीन नोंदीच्या नकाशावर. तिथे शमँ र्‍युराल बहुधा गट क्रमांक नसलेल्या कोऱ्या पट्टीसारखा दिसतो आणि त्यावर अनेकदा नावही लिहिलेलं असतं. आयजीएनच्या संकेतस्थळावर हा थर नकाशावर चढवता येतो.

2 फेब्रुवारी 2023 च्या कायद्यानंतर ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ (खाजगी मालमत्ता) अशी स्पष्ट पाटी असलेल्या ग्रामीण किंवा जंगली खाजगी जमिनीत शिरणं हा दंडनीय अपराध झाला आहे आणि ठरावीक दंड 135 युरो आहे. पाटी दिसली की मागे फिरा. म्हणूनच लांब जोडरस्त्याला एक पर्यायी वाट आधीच आखून ठेवावी. सरकारी जंगलातले आडवे दांडे बहुतेक वेळा मोटारींसाठी असतात, पण बाजूची पाटी वाचूनच पुढे जा.

माती

मार्ग याच बाबतीत सर्वाधिक फसतात. मोर्व्हाँ आणि लिमुझँमध्ये ग्रॅनाइटची भरड वाळू आहे. तिथे पाणी लवकर निचरतं आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशीही वाट चालते. तीच वाळू ब्रेक पॅड मात्र झपाट्याने खाते, ओल्या आठवड्यासाठी एक जादा जोडी ठेवा. दक्षिणेतल्या कोस या चुनखडीच्या पठारांवर चिखल कमी, पण दगड धारदार. तिथे टायरची बाजू चिरते आणि ती चीर सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारा द्रव) भरू शकत नाही. शाँपान्यचा खडू कोरडा असताना झकास, ओला झाला की चिकट पांढरा राडा. लाँदच्या पाइनच्या जंगलात सैल वाळूत चाकं रुततात. ब्रेस आणि लोरेनची चिकणमाती सर्वांत वाईट: पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस तरी तिथल्या शेतवाटा टाळा.

चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसली की जोर लावून पॅडल मारू नका. चिखल-गवताचा गोळा मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) ओढून स्पोक्समध्ये घालतो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, तुटतो. उतरा, काडीने खरवडा, सायकल गवताच्या कडेने ढकला. आपल्या फ्रेमचाच जादा हँगर सोबत असू द्या. खेड्यातल्या दुकानात तो मिळेल या भरवशावर राहू नका.

टायर

40 ते 45 मिमी रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर योग्य. 75 किलोच्या स्वाराने 40 मिमी टायरला पुढे 32 आणि मागे 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पासून सुरुवात करावी. ओल्या मुळांवर दोन-तीन पीएसआय कमी करा, सामान लादलं असेल तर तेवढेच वाढवा. प्रत्येक टायरमध्ये 60 मिलि सीलंट पुरतं. सोबत भोक बुजवायचे प्लग, एक ट्यूब आणि टायर चिरल्यास आतून लावायचा जाड तुकडा हवा. ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी नीट चाचपा. सीलंटने बुजवलेले जुने काटे आतच अडकलेले असतात आणि नवी ट्यूब लगेच पंक्चर करतात.

महिना पाहून

युरोपीय अनुदान घेणाऱ्या शेतकऱ्यांना 16 मार्च ते 15 ऑगस्ट कुंपणाची झुडपं छाटता येत नाहीत. छाटणी त्यानंतर सुरू होते आणि नॉर्मांडी-ब्रतान्यच्या पांदणींत काळ्या काटेरी झुडपांचे तुकडे पसरतात. ताजी छाटणी दिसली तर तो तुकडा चालत पार करा.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, रविवारी सर्वाधिक. ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) ही पाटी दिसली तर वाट बदला. नारिंगी जाकीट घाला, वळणाआधी घंटी वाजवा. भूमध्य किनाऱ्याच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे जंगलं दिवसापुरती बंद होतात. प्रेफेक्त्यूरचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा नकाशा आदल्या संध्याकाळी पाहा. आल्प्स आणि पिरेनीजमध्ये मेंढ्यांचा कळप लागला तर सायकलवरून उतरा, सायकल राखणीचा कुत्रा आणि आपण यांच्यामध्ये धरा आणि लांबून वळसा घाला.

पाणी बहुधा दफनभूमीच्या नळावर मिळतं. ‘ओ नाँ पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर ते पिऊ नका. खेड्यांतली दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि अनेकदा सोमवारीही. म्हणून शनिवारी संध्याकाळी पिशवीत दोन जेवणांचं सामान भरून ठेवा.