साईडकारच्या बुलेटला पुढचा टायर कसा निवडावा

साईडकार जोडली की बुलेट वळणात कलायची थांबते. नुसत्या बुलेटवर आपण वळताना गाडी आडवी घालतो, टायरचा गोल खांदा रस्त्याला लागतो आणि झीज सगळ्या रुंदीवर वाटली जाते. तीन चाकांची गाडी वळणातही उभीच राहते. वळवायचं सगळं काम हँडल ओढून करावं लागतं, आणि तिरकं धरलेलं पुढचं चाक प्रत्येक वळणाला थोडं आडवं फरफटतं, तेही मधल्या दोन बोटांच्या पट्ट्यावर. त्यामुळे दुकानात ‘बुलेटचा पुढचा टायर द्या’ म्हटल्यावर जो हातात पडतो, तो बहुतेक वेळा आपल्या कामाचा नसतो.

माझी कोल्हापूरजवळ रोपवाटिका आहे. बुलेटच्या डाव्या अंगाला माणूस बसायच्या डब्याऐवजी पत्र्याची पेटी आहे. जाताना त्यात कुंड्या आणि कलमं, येताना पेटी रिकामी. पाणी घातलेल्या मातीचं वजन किती असतं हे रोपं उचलणाऱ्याला विचारा. हे सगळं वजन एका बाजूला असल्यामुळे पुढचा ब्रेक दाबला की पेटी पुढेच जाऊ पाहते, गाडी उजवीकडे ओढते आणि ती सरळ ठेवायला हँडल डावीकडे धरावं लागतं. म्हणजे वळणात घासलेला टायर ब्रेकमध्येही घासतो. पेटीच्या चाकाला स्वतःचा ब्रेक असेल तर ही ओढ बरीच कमी होते. तो नसेल तर टायरवर खर्च करण्याआधी त्यावर करा.

नवा टायर घेण्याआधी जुना वाचायला हवा. गाडी उभी करून पुढच्या टायरवर तळवा आडवा फिरवा, पेटीकडून बाहेर आणि मग बाहेरून पेटीकडे. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि परत येताना नक्षीच्या कडा करवतीसारख्या अडकतात, असं असेल तर चाकांची रेषा चुकली आहे. त्या गाडीवर कितीही महागाचा टायर घाला, तोही तसाच जाणार. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खड्डे पडले असतील तर कॉनसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला आहे का, शॉकअप मेलेत का, हवा कमी राहते का, ते बघा. नक्षी फक्त मधोमध सपाट होऊन खांदे नवेच्या नवे असतील, तर ती आपल्या गाडीची स्वाभाविक झीज. त्यावरचा इलाज टायरच्या निवडीत आहे.

रेषा तपासायला दोन सरळ अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्या पुरतात. विटांवर ठेवून एक बुलेटच्या दोन्ही टायरांना लावायची, दुसरी पेटीच्या चाकाला. पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर साधारण १२ ते २० मिलिमीटर कमी हवं, यालाच टो-इन म्हणतात. त्याहून जास्त असेल तर तिन्ही टायर कायम एकमेकांविरुद्ध ओढत राहतात. मग ओळंबा घ्या. गाडी पेटीपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश झुकलेली हवी. १९ इंची रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत ८ ते १६ मिलिमीटरचा फरक आला की झालं. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे हा झुकाव नसेल तर गाडी दिवसभर डावीकडे खेचते आणि हँडल उजवीकडे धरून टायर घासत राहतो. माप घेताना चालवणारा सीटवर बसलेला हवा आणि पेटीत नेहमीचं वजन हवं. माझं वजन बदलतं राहतं, म्हणून मी अर्धी पेटी भरून रेषा लावते. पेटी गाडीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट आणि क्लॅम्प कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून नीट बनवून घेतले, तेव्हापासून लावलेली रेषा हलत नाही.

आता टायर. सगळ्यात आधी वजन. भंगारवाल्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो. पुढचं चाक काट्यावर आणि बाकीची दोन तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर ठेवून भरल्या गाडीचं माप घ्या, ब्रेकमध्ये त्यात बरीच भर पडते हेही धरा. टायरच्या बाजूला मापानंतर दोन आकडी भारांक असतो. ५२ म्हणजे २०० किलो, ५४ म्हणजे २१२, ५७ म्हणजे २३०. त्यामागचं अक्षर वेगाचं, ‘पी’ असेल तर ताशी १५० किलोमीटर. साईडकारला त्याहून वरचं अक्षर मागायचं काहीच कारण नाही. वेगाचे टायर बहुधा मऊ रबराचे असतात आणि आपल्याला कडक रबर हवं.

मापाच्या बाबतीत रिम बघितल्याशिवाय काही ठरवू नका. जुन्या बुलेटच्या रिमवर ‘डब्ल्यूएम२’ किंवा ‘१.८५’ असा रुंदीचा छाप असतो. त्यावर ३.२५-१९ (म्हणजे ३.२५ इंच रुंद, १९ इंची रिमचा) नेमका बसतो आणि ३.५०-१९ ही चालतो. थोडं जास्त रबर आणि थोडा जास्त भार मिळतो म्हणून मिळेल तिथे मी ३.५०-१९ घेते. १००/९०-१९ रुंद आहे म्हणून मोह होतो, पण त्याला किमान २.१५ ची रिम लागते. अरुंद रिमवर त्याच्या कडा आत दाबल्या जातात, टायर आणखी गोल होतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो. आपल्याला पाहिजे त्याच्या बरोबर उलट. मडगार्डखाली दोन बोटं मोकळी राहतात ना, हेही बघा. उसाच्या रानातल्या वाटेवरची काळी माती कमी जागेत अशी बसते की चाकच अडकतं.

नक्षी समजून घ्यायची तर रिक्षा स्टँडवर जा आणि बजाज रिक्षाचं पुढचं चाक बघा. ४.००-८ चा तो टायर. रिक्षाही कलत नाही, म्हणून त्याचे खांदे चौकोनी आणि माथा सपाट असतो. बुलेटच्या पुढच्या रिब (चाकाभोवती सलग लांब खाचांच्या) टायरचा माथा गोल आणि खाचा उथळ. त्याच मापाच्या मागच्या टायरला ठोकळ्यांची नक्षी असते आणि खाच स्पष्टपणे खोल असते. दुकानात व्हर्नियरचा दांडा मधल्या खाचेत घालून मोजा, फरक समोर येतो. खोली जास्त, माथा चपटा आणि ठोकळे एकमेकांना जोडलेले असा टायर निवडा. सुटे उंच ठोकळे असलेला शेतातला टायर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो.

म्हणजे पुढे मागचा टायर घालायचा. दुकानदार हमखास थांबवतो. ‘ताई, ह्यो मागचा हाय, पुढं रिबच लागतो.’ नुसत्या बुलेटसाठी त्याचं बरोबर आहे, तिथे रिब टायर छान वळतो. त्याला सांगायचं, ‘दादा, साईडकार आहे. बसवा, पण बाण उलटा ठेवून.’ मागच्या टायरचा सांधा इंजिनाची ओढ सोसायला एका दिशेने जोडलेला असतो. पुढे मुख्य जोर ब्रेकचा, तो उलट दिशेचा. म्हणून बाण चाक फिरण्याच्या विरुद्ध ठेवायचा. काही टायरांवर पुढचा आणि मागचा असे दोन बाण दिलेले असतात. तिथे पुढचा बाण पाळा. फक्त मागच्या चाकासाठी असं स्पष्ट छापलेलं असेल तर तो टायर पुढे घालू नका. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चिकटवलेला टायर पुढे तर अजिबातच नको. आडव्या घासण्यात चिकटवलेली नक्षी सुटली तर हँडल हातात राहत नाही.

तारीख बघायला विसरू नका. बाजूच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३.५०-१९ सारखी कमी खपाची मापं दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात. दिसायला कोरी, पण रबर सुकलेलं आणि खाचेच्या तळाशी बारीक भेगा. कडक रबर आणि सुकलेलं रबर यांत फार फरक आहे. सुकलेला टायर टिकेल कदाचित, पण पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाईल. कडक रबराची पकडही ओल्यात थोडी कमीच असते, म्हणून पावसाळ्यात मी ब्रेक बऱ्याच अगोदरपासून धरते.

टायर बदलताना ट्यूब आणि रिम टेप नवीच घ्या. साध्या स्पोकच्या रिमला ट्यूबलेस टायर चढवला तरी आत ट्यूब लागतेच. बसवल्यावर रिमच्या कडेशी टायरवर जी बारीक रेघ असते ती गोलभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नसेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा. नुसत्या बुलेटला पुढे १८-२० पौंड हवा भरतात. पेटीसह मी पुढे २५, मागे ३३ ठेवते आणि टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधी जात नाही. मधला पट्टा फार लवकर सपाट होऊ लागला तर दोन पौंड कमी करून बघा, दोन्ही खांदे झिजू लागले तर वाढवा.

तिन्ही चाकं १९ इंची असतील तर फार सोय होते. जुन्या रशियन उरल गाड्यांना तिन्ही चाकांवर एकाच मापाचा १९ इंची टायर असायचा आणि चौथं चाक स्टेपनी. तसं केलं की पुढे नवा घालता येतो आणि तिथला अर्धा झिजलेला पेटीच्या चाकावर जातो, तिथे काम हलकं असतं. दिशेची खूण नसलेला टायर रिमवर पालटूनही घालता येतो, म्हणजे एकच खांदा झिजत राहत नाही.

पहिल्या भरल्या फेरीनंतर पुढच्या चाकाचे स्पोक एकेक करून वाजवून बघा. आडवा जोर सगळा त्यांच्यावर येतो आणि ढिला स्पोक वेगळा, बद्द वाजतो. तो कसा, रिमचा आऊट (डगमग) काढा, आणि मग पट्ट्या लावून टो-इन पुन्हा मोजून घ्या.