लॅम्डामध्ये त्रुटी हाताळायची असेल तर

पायथॉनच्या लॅम्डा, म्हणजे नाव नसलेल्या छोट्या फंक्शनमध्ये एकच एक्स्प्रेशन (किंमत देणारा कोडचा तुकडा) बसते. त्रुटी पकडणारे ट्राय आणि एक्सेप्ट, तसेच त्रुटी उभी करणारे रेझ ही स्टेटमेंट (स्वतः किंमत न देणाऱ्या आज्ञा) असल्यामुळे ती तिथे लिहिली की सिंटॅक्सएरर येतो. एक्सेप्टला एक्स्प्रेशनचे रूप देण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये पेप ४६३ (पेप म्हणजे पायथॉनमधील सुधारणेचा औपचारिक प्रस्ताव) म्हणून मांडला गेला होता, पण तो नाकारला गेला. म्हणून आडवाटा शोधण्यापेक्षा डेफने एक छोटे, नाव असलेले फंक्शन लिहावे.

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या भावांची फाईल तुमच्याकडे आहे आणि प्रत्येक नोंद फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलायची आहे. एका ओळीत '३५००', दुसरीत '३,५००', तर आवक नसलेल्या दिवशी नुसती '-' असे लिहिलेले आहे. देवनागरी अंक फ्लोटला बिनदिक्कत चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो अडतो स्वल्पविरामावर आणि रेघेवर, आणि दोन्ही वेळा व्हॅल्यूएरर देतो.

आता फंक्शनमध्ये ट्रायखाली रिप्लेसने स्वल्पविराम काढून फ्लोटची किंमत परत करा आणि एक्सेप्ट व्हॅल्यूएररखाली नन (None, म्हणजे 'किंमत नाही') परत करा. एक्सेप्टपुढे त्रुटीचे नाव लिहिण्याचा कंटाळा कृपया करू नका, कारण नुसत्या एक्सेप्टमध्ये तुमच्या व्हेरिएबलच्या नावातली टंकचूकही, म्हणजे नेमएररही, गुपचूप गिळला जातो आणि सगळा रकाना नन होऊनही प्रोग्राम सुरळीत चालल्यासारखा दिसतो. ननऐवजी शून्य परत करणे तर त्याहून वाईट: ज्या दिवशी माल आलाच नाही, त्या दिवशी संत्री फुकट विकली गेली असे सरासरी सांगू लागते. नन राहिला तर बेरीज करताना टाइपएरर येतो आणि आधी ननच्या नोंदी गाळणे भाग पडते. मला हा अडथळा हवाहवासा वाटतो.

यादीतील प्रत्येक नोंदीवर फंक्शन चालवणारा मॅप वापरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पायथॉन ३ मध्ये मॅप लगेच काहीच मोजत नाही, तो केवळ इटरेटर (मागितल्यावर एकेक किंमत देणारी वस्तू) देतो. त्यामुळे मॅपच्या ओळीभोवती ट्राय लावला, तरी त्रुटी पुढे लिस्ट तयार होताना, त्या ट्रायच्या बाहेर उसळते. लिस्ट ट्रायच्या आत घेतली तर त्रुटी पकडली जाते खरी, पण एका वाईट नोंदीपायी संपूर्ण यादी हातची जाते. ट्राय नोंदीगणिक चालणाऱ्या फंक्शनमध्ये असेल, तर मॅपला त्याचे नुसते नाव द्यावे. लॅम्डाची गरजच उरत नाही.